आगोटीच्या यादीत एक वही : कोकणातल्या रोजनिशीसाठी कापडी पाठीच्या शिवलेल्या रजिस्टरचं परीक्षण

मे महिन्याचा उत्तरार्ध आला की कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी सुरू होते. सुकी मासळी, कडधान्यं, मसाला, आमसुलं, सरपण, पडवीला लावायचं प्लास्टिक. ज्यांना रोजनिशी लिहायला घ्यायची आहे त्यांनी याच यादीत एक वही आणि दोन पेनं घालावीत. जानेवारीत सगळ्याच वह्या देखण्या दिसतात. इथे वहीचा कस लागतो तो आषाढात. गुहागर असो की मालवण, जुलैत हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८५ टक्क्यांच्या वर असते. कुठला पुठ्ठा वाकतो, कुठली पिन गंजते, कुठल्या कागदावर शाई फुटते आणि कुठल्या पानांना कोंदट वास येतो, हे सगळं त्याच दिवसांत कळतं. लिहिण्याची सवय लागत नाही म्हणून माणसं स्वतःला बोल लावतात. पुष्कळदा हातात धरवत नाही अशी ओलसर, फुगलेली वहीच त्या सवयीच्या आड येत असते.

इथे परीक्षण आहे ते एका साध्या वस्तूचं : पाठीवर कापडी पट्टी, जाड पुठ्ठा, दोऱ्याने शिवलेली, २०० पानी, आखीव, लाँग बुक आकाराची वही. दुकानदार तिला 'रजिस्टर' किंवा 'बाइंडिंगची वही' म्हणतात. शाळेचा माल ठेवणाऱ्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात ती मिळते. किंमत कागदाप्रमाणे कमीजास्त होते, पण साधारण शंभर-दीडशे रुपयांत चांगली वही यायला हरकत नाही. आमचा निकाल आधीच सांगतो : खाडीपासून सड्यापर्यंत कुठल्याही घरात वर्षभर रोजनिशी लिहायची असेल, तर हिच्याइतकी भरवशाची दुसरी वही नाही. हिचे दोषही आहेत, ते पुढे येतील.

२०० पानांचा हिशेब

आधी एक घोळ मिटवू. '२०० पानी' म्हणजे कागद १००, दोन्ही बाजू धरून पानं २००. रोज एक पान लिहिलं तर वही साडेसहा महिन्यांत संपते. रोज अर्धं पान लिहिलं तर ४०० दिवस पुरते. सुरुवातीची चार पानं अनुक्रमणिकेला सोडा, उरतात ३९२ दिवस. म्हणजे १ जूनला सुरू केलेली वही पुढच्या वर्षीच्या जूनअखेरपर्यंत जाते. एका वहीत एक अख्खं वर्ष बसतं, आणि मृगाचा पाऊस दोनदा येतो. मागच्या वर्षी मृग कोरडा गेला होता की पहिल्याच दिवशी झोडपून गेला होता, हे त्याच वहीत मागे जाऊन बघता येतं. रोजनिशीतला पहिला खरा आनंद हा आहे, आणि तो मिळायला वर्ष जावं लागतं. म्हणून वही वर्षभर टिकायला हवी.

लाँग बुकच्या अर्ध्या पानात साधारण १४-१५ ओळी बसतात. न थांबता लिहिलं तर आठ-दहा मिनिटांचं काम. नव्याने सुरुवात करणाऱ्याला ते जास्त वाटलं तर पहिले पंधरा दिवस पाचच ओळी लिहाव्यात, पण रेघ मात्र अर्ध्या पानावरच मारावी. उरलेली जागा कोरी राहू दे. मागाहून एखादी गोष्ट आठवली, दुधाचा हिशेब राहिला, कोणाचा फोन नंबर आला, तर ती जागा उपयोगी पडते.

दुकानात वही कशी बघायची

वही मधोमध उघडा आणि पाठीच्या आत बघा. पानांचे जुडगे एकमेकांना दोऱ्याने शिवलेले दिसले पाहिजेत. छापखान्यातली माणसं या जुडग्याला जुज म्हणतात. प्रत्येक जुजाच्या बरोबर मध्ये दोरा दिसतो. तो दिसला नाही आणि पाठीशी पिवळट डिंकाचा कडक थर दिसला, तर ती वही नुसती चिकटवलेली आहे. चिकटवलेली वही सपाट उघडत नाही. जोर लावून उघडली की डिंकाला चीर जाते, आणि पावसाळ्यात कागद फुगून दाब आला की त्या चिरेतून पानं एकेक करून हातात येतात. तिसरा प्रकार पिनांचा. शंभर पानी शाळकरी वहीला मधोमध दोन पिना असतात. समुद्रापासून दोन-चार किलोमीटरांच्या आत खारी हवा त्या पिनांना एका पावसाळ्यात गंज चढवते. गंजाचा तपकिरी डाग भोवतालच्या कागदात उतरतो, तिथे कागद ठिसूळ होतो आणि मधलं पान सुटतं. तारेच्या स्पायरलचंही तेच. प्लास्टिकचं स्पायरल गंजत नाही, पण भोकांशी ओला कागद फाटतो.

दुसरी परीक्षा कागदाच्या धाटणीची. ही दुकानात फारसं कोणी करत नाही, पण कोकणात हिला फार महत्त्व आहे. यंत्रावर तयार होताना कागदाचे तंतू एका दिशेला झोपतात. ओल लागली की तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो. त्यामुळे कागद तंतूंच्या आडव्या दिशेने पसरतो. तंतू पाठीला समांतर असतील तर पान बाहेरच्या मोकळ्या कडेकडे पसरतं आणि सपाट राहतं. तंतू आडवे असतील तर पान पाठीच्या लांबीच्या दिशेने वाढू बघतं, पण तिथे ते शिवणीने धरून ठेवलेलं असतं. मग ते लाटा धरतं, आणि एकदा लाट धरली की पान सपाट होत नाही. ओळखायचं कसं? एक पान हलक्या हाताने उभं दुमडल्यासारखं वाकवा, मग आडवं. घडी घालायची नाही, नुसतं वाकवून विरोध किती होतो ते बघायचं. पाठीला समांतर वाकवताना पान सहज वाकलं आणि आडवं वाकवताना ताठ राहिलं, तर धाटणी बरोबर आहे.

कागदाची जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. शाळेच्या वह्यांत बहुधा ५४ ते ६० जीएसएम असतं. ७० मिळालं तर उत्तम. तुम्ही बॉलपेनने लिहिणार असाल तर ६० पुरतं. जाडीपेक्षाही कागदाला खळ कशी लागली आहे हे महत्त्वाचं, कारण शाई वर थांबते ती खळीमुळे. वहीच्या शेवटच्या पानावर जेल पेनचं टोक तीन सेकंद दाबून धरा. ठिपका गोल राहिला तर खळ चांगली; ठिपक्याला कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटले तर तो कागद जुलैत टीपकागदासारखा वागणार.

शेवटी पुठ्ठा. वरून चकचकीत प्लास्टिकचा थर आणि आतून साधा कागद, असा पुठ्ठा पावसाळ्यात हमखास बाहेरच्या बाजूला वळतो. आतला कागद ओल पिऊन पसरतो, वरचं प्लास्टिक जिथल्या तिथे राहतं, आणि कव्हर कडेला वर उचललं जातं. कापड किंवा साधा रंगीत कागद चिकटवलेला पुठ्ठा दोन्हीकडून सारखाच पसरतो, म्हणून सरळ राहतो. रेक्झिनपासूनही लांबच राहा. उष्ण दमट हवेत त्याच्यावरचा थर काही वर्षांत चिकट होतो, मग खपल्या पडतात.

खरेदी मेच्या शेवटच्या दोन आठवड्यांत करावी. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्यामुळे नवा माल तेव्हाच आलेला असतो आणि पावसाच्या आधी तो कोरडा असतो. ऑगस्टमध्ये मांडणीच्या खालच्या खणातून काढलेली वही नाकाशी धरून बघा. वास आला तर घेऊ नका, कितीही स्वस्त दिली तरी. बुरशी घरी येऊन बाकीच्या पुस्तकांतही पसरते.

इतर पर्याय, आणि ते का मागे पडतात

तारखांची छापील दैनंदिनी भेट म्हणून पुष्कळ घरांत येते, आणि बहुतेक ठिकाणी फेब्रुवारीत बंद पडते. गणपतीचे पाच-सात दिवस घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, त्या दिवसांत कोण लिहिणार? तारखेच्या वहीत ती पानं कोरी राहतात आणि उघडली की तीच समोर येतात. बिनतारखेच्या वहीत आठवडा गेला तरी पुढच्याच ओळीवर नवी तारीख टाकून लिहायला लागता येतं. शिवाय दैनंदिनीत लग्नाच्या दिवसालाही एकच पान आणि नुसत्या झडीच्या दिवसालाही एकच पान. एवढं मात्र खरं, की मार्चनंतर दुकानदार ती अर्ध्या किमतीत काढतात. बागायतदाराला फवारणीच्या नोंदीसाठी तारखा आयत्या हव्या असतील तर ती जरूर घ्यावी.

ठिपक्यांच्या, १०० जीएसएमच्या, रबरी पट्टीच्या वह्या हल्ली ऑनलाइन मिळतात. अमेरिकेतल्या रायडर कॅरल यांनी २०१३ मध्ये मांडलेली बुलेट जर्नलची पद्धत आवडणारे त्या घेतात. कागद सुरेख असतो यात वाद नाही. पण आकार लहान, किंमत तिप्पट-चौपट, आणि रबरी पट्टी दमट हवेत लवकर सैल पडते. त्या पद्धतीतलं खरं कामाचं म्हणजे पानांना क्रमांक आणि पुढे अनुक्रमणिका. ते कुठल्याही रजिस्टरवर करता येतं. पहिल्याच दिवशी बसून १ ते २०० आकडे घाला, पंधरा मिनिटांचं काम आहे.

हातकागदाची वही कोकणात घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. दिसायला ती मोहक असते, पण त्या कागदाला खळ बहुधा कमी असते. तो ओल धरतो आणि त्यावर शाई पसरते.

आणि ज्याला वहीचीच धास्ती वाटते त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरपासून सुरुवात करावी. मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय सुरू केलं. त्याच्या चौकटींत दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, पाहुणे कधी आले, हे लिहिणाऱ्या बाईची रोजनिशी कधीच सुरू झालेली आहे. रोज चौकटीत चार शब्द, असे दोन महिने गेले की जागा अपुरी पडायला लागते. तेव्हा वही आणावी.

पेन

इथे फार विचार करायला नको. बॉलपेन, ०.७ टोकाचं, काळं. बॉलपेनची शाई तेलाची असते, पाण्याने ओघळत नाही. पागोळीचे थेंब पानावर पडले तरी अक्षर वाचता येतं. सेलो, रेनॉल्ड्स, लिंक, कुठलंही दहा रुपयांचं चालेल. दोन घ्या आणि एक वहीबरोबर डब्यात ठेवा. ओलसर कागद मऊ असतो. ०.५ चं टोकदार पेन त्याला ओरखडतं आणि तंतू टोकात अडकून पेन कोरडं चालतं. बॉलपेनच्या टोकाशी शाईचा गोळा साठतो, तो लिहिण्याआधी रद्दी कागदावर पुसावा. बॉलपेनची खरी वैरी पाणी नाही, ऊन आहे. म्हणून वही उघडी ठेवून उन्हात वाळवत बसू नये.

जेल पेनाने अक्षर सुंदर येतं, पण दमट हवेत शाई वाळायला वेळ लागतो. लिहून लगेच वही मिटली तर समोरच्या पानावर उलटा ठसा उमटतो. जेल हवंच असेल तर पिगमेंट शाईचं घ्या. ती वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. यूनिबॉलचं 'आय' जेल नसलं तरी त्यातली शाई याच जातीची आहे. फाउंटन पेनातली धुता येणारी रॉयल ब्लू शाई मात्र इथे नकोच. शाळेच्या गणवेशावरून ती निघते तशीच वहीतूनही निघून जाते, एका ओल्या रात्रीत.

पेन्सिलीला आपण उगाच कमी लेखतो. ग्राफाइट पाण्याने विरघळत नाही, उन्हाने उडत नाही. नटराज किंवा अप्सरा, एचबी. फक्त समोरासमोरची पानं घासून अक्षर थोडं पुसट होतं, म्हणून उजव्या पानावरच लिहावं. मग वही निम्म्या दिवसांत संपते हे धरून चालावं.

वही ठेवायची कुठे

चिऱ्याच्या भिंती जमिनीतली ओल वर ओढतात. बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात किंवा भिंतीला टेकलेल्या कपाटात वही ठेवली तर मागच्या बाजूने ओल धरते, आणि वाळवीलाही वाट सोपी होते. भिंतीपासून चार बोटं तरी अंतर हवं. वाळवी, कसर आणि झुरळ या तिघांनाही कागदापेक्षा पाठीतली पिठाची खळ जास्त आवडते. पूर्वीचे बाइंडर खळ शिजवताना त्यात मोरचूद घालत ते याचसाठी. आजच्या वहीत मोरचूद असेलच असं नाही.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. पत्र्याचा डबा खाऱ्या हवेत गंजतो. लाँग बुक २७ सेंटिमीटरच्या आसपास उंच असते, तेव्हा डबा आतून किमान २८ सेंटिमीटर हवा. मोजपट्टी घेऊनच दुकानात जा. डब्यात सिलिका जेल घालायचं, पण बुटांच्या खोक्यातली एवढीशी पुडी टाकून काही होत नाही. हिशेब असा : २०० पानी रजिस्टरचा कागद आणि पुठ्ठा मिळून वजन साडेतीनशे-चारशे ग्रॅम. जुलैच्या हवेत तो कागद हिवाळ्यापेक्षा वीसएक ग्रॅम पाणी जास्त धरून बसतो. ते ओढून घ्यायला १०० ग्रॅम सिलिका जेल लागतं. पातळ सुती कापडाची पुरचुंडी बांधून डब्याच्या तळाशी ठेवा.

रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे कधी भरलं ते कळतं. निळं जेल भरल्यावर गुलाबी होतं, केशरी जेल हिरवं होतं. घरात लहान मुलं असतील तर केशरीच घ्यावं, कारण निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो आणि तो पोटात जाणं वाईट. भरलेलं जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा कोरडं होतं. ओव्हन नसेल तर जुन्या तव्यावर मंद आचेवर हलवत राहावं, पण तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. भाजलेले तांदूळही थोडी ओल ओढतात, मात्र फारच थोडी, आणि त्यांना पोरकिडे लागले की ते वहीत शिरतात. कपाटात टांगायचे ओल शोषणारे डबे मिळतात, त्यांतल्या क्षाराचं पाणी होतं. ते वहीवर सांडलं तर पान कधीच धड वाळत नाही. डांबराच्या गोळ्यांनी किडे पळतात, पण बुरशीला त्यांचं काही वाटत नाही.

सगळ्यात जास्त होणारी चूक ही : दिवसभर टेबलावर पडून ओलावलेली वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून गच्च बांधायची. आतली ओल आतच राहते, रात्री गारवा आला की पिशवीच्या आतल्या बाजूला दव धरतं, आणि आठवड्यात पुठ्ठ्यावर पांढरी-हिरवी भुकटी दिसते. वही पंख्याखाली पानं उलगडून अर्धा तास ठेवावी, मग डब्यात. पावसाने उघडीप दिली की दोन-तीन तास सावलीत वारा द्यावा. बुरशी आलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती कागदात दाबली जाते. वही पूर्ण कोरडी होऊ द्या, मग अंगणात नेऊन, नाकाला फडकं बांधून, मऊ कोरड्या ब्रशने झटका. दम्याच्या माणसाने हे काम दुसऱ्याला सांगावं.

पहिली ओळ

वही आणली, पेन आणलं, आणि कोरं पान समोर आलं की 'काय लिहू' इथे गाडी अडते. यावर कोकणासारखं दुसरं ठिकाण नाही, कारण इथे लिहिण्यासारखं रोज आभाळातूनच पडतं. पहिली ओळ पावसाची ठेवा. तारीख, नक्षत्र, काल किती पडला. मृग, आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा. प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं, त्यामुळे वहीचे आपोआप भाग पडत जातात.

पाऊस मोजायला विकतचं यंत्र लागत नाही. सरळ उभ्या भिंतीचा, सपाट तळाचा कुठलाही डबा घ्या. तोंड आणि तळ सारख्याच रुंदीचे असले की डबा लहान की मोठा याने फरक पडत नाही. आत साचलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजली की तोच पाऊस. खाली निमुळता होणारा पेला मात्र चालत नाही, तो जास्त दाखवतो. डबा पागोळ्यांपासून आणि माडांपासून लांब ठेवा : जवळची वस्तू जितकी उंच, तिच्या दुप्पट अंतरावर. शिंतोडे उडू नयेत म्हणून जमिनीपासून फूटभर वर, आणि वाऱ्याने कलंडू नये म्हणून भोवती तीन चिरे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, तेव्हा रोज साडेआठलाच मोजून डबा रिकामा करा. त्यांच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. एखाद्या सकाळी डब्यात २१० मोजले आणि ते स्वतःच्या हाताने वहीत लिहिले, की त्याच्याखाली दुसरी ओळ आपोआप येते : कुठला वहाळ भरला, लाइट किती वाजता गेली, शाळेला सुट्टी मिळाली का.

आकड्याच्या ओळीचं बळ हे की तिला मूड लागत नाही. ज्या दिवशी बोलावंसंही वाटत नाही त्या दिवशीही '८७ मि.मी., वारा नैर्ऋत्येचा' एवढं लिहून होतं, आणि साखळी तुटत नाही. दिवाळीनंतर पाऊस संपला की ती जागा दुसऱ्या कशाला द्यावी. कलमवाल्यांनी कुठल्या झाडाला मोहोर कधी आला ते लिहावं, किनाऱ्यावरच्यांनी कुठली मासळी काय भावाने आली ते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते; ऑगस्टमधली पहिली मासळी वहीत नोंदवताना हाताला वेगळाच उत्साह असतो.

वेळ नेहमीच्या एखाद्या कामाला बांधून टाकावी. तिन्हीसांजेची दिवाबत्ती झाली की वही, किंवा रात्री भांडी आवरली की वही. 'वेळ मिळेल तेव्हा' या बेताने लिहिलेल्या वह्या नागपंचमीच्या पुढे जाताना दिसत नाहीत.

दोष

आता या वहीचे दोष. एक, ती मोठी आहे. एसटीत मांडीवर ठेवून लिहिता येत नाही. प्रवासात खिशातल्या छोट्या डायरीत टिपून घरी उतरवावं लागतं. दोन, ६० जीएसएम कागदावर मागची अक्षरं पुढे दिसतात. खाली एक जाड कार्ड ठेवून लिहिलं तर दाब तरी खालच्या पानावर उमटत नाही.

तिसरा दोष मोठा, आणि तो या वहीच्या साधेपणातूनच येतो : ती हिशेबाच्या वहीसारखी दिसते, त्यामुळे घरातला कोणीही ती सहज उघडतो. भरल्या घरात मनातलं लिहायला माणूस कचरतो आणि हळूहळू वहीत नुसता बाजारभाव उरतो. काही जण यासाठी मोडी शिकतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी माणसं हाताने लिहायला हीच लिपी वापरत होती. आज ती घरात फारच थोड्यांना वाचता येते, आणि लिहायलाही भराभर येते. ज्यांना तेवढं नको त्यांनी जड गोष्टी या वहीत न लिहिता सुट्या कागदांवर लिहाव्यात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाविषयी लिहायला सांगितलं होतं. लिहिल्याबरोबर त्यांना उलट जास्त उदास वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणजे असं लिहिणं चार दिवसांचं काम आहे, रोजचं नाही. लिहून झाल्यावर ते कागद ठेवायचे, फाडायचे की चुलीत घालायचे हे ज्याचं त्याने ठरवावं. फार खोल जखम असेल तर एकट्याने वहीशी झुंजू नये, जाणत्या माणसाकडे जावं.

वही भिजली तर

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरात शिरलं, तेव्हा कागदांचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं. खाडीकाठी आणि नदीकाठी राहणाऱ्यांनी डबा माळ्यावरच ठेवावा, आणि महिन्याच्या शेवटी पानांचे फोटो काढून मुंबईच्या किंवा पुण्याच्या नातेवाइकाला पाठवावेत. फोनचा रोजनिशीत एवढा उपयोग नक्की आहे.

तरीही वही भिजलीच तर घाई करून पानं सोडवू नका. ओलं पान बोटाला चिकटून फाटतं. चिखल असेल तर वही मिटलेलीच ठेवून स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून काढा, चोळू नका. मग उभी ठेवून पाणी निथळू द्या. दर दहा-बारा पानांमागे एक कोरा टिश्यू किंवा जुनं धुतलेलं सुती कापड घाला, तासा-दोन तासांनी बदला, आणि पंखा वहीवर थेट न रोखता खोलीत फिरता ठेवा. वर्तमानपत्र घालू नये, त्याची शाई उतरते. बुरशी धरायला दोनच दिवस लागतात. लाइट नसेल किंवा घर आवरण्यातून वेळच नसेल, तर वही प्लास्टिकमध्ये गुंडाळून ज्यांच्याकडे फ्रीज चालू आहे त्यांच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायला द्या. गोठलेल्या कागदाला बुरशी धरत नाही, आणि मग सवड मिळाली की पंधरा दिवसांनीही ती काढून वाळवता येते. पानं लाटा धरतील, पुठ्ठा बदलावा लागेल. बॉलपेनचं अक्षर बहुतेक जागेवर असेल. शिवण शाबूत असेल तर बाइंडर जुन्या जुजांना नवा पुठ्ठा आणि नवी कापडी पाठ लावून देतो. त्याला खळीत मोरचूद घालायला सांगायचं.